वाचकांचे प्रश्न : कमाल-किमान तापमानावरून बाष्पीभवनाचा अंदाज

शेतातून किंवा तळ्यातून किती पाणी उडून जातं हे नीट काढायचं तर ऊन, वारा, आर्द्रता आणि तापमान अशा चारही नोंदी लागतात. बहुतेकांच्या हाताशी फक्त तापमान असतं. तेवढ्यावर कुठवर भागतं, अशी विचारणा करणारी पत्रं या वेळी निवडली आहेत. उदाहरणांतली तापमानं गणित दाखवण्यापुरती, सोलापूरच्या बाजूच्या हवेला साजेशी घेतली आहेत. तुम्ही तुमच्या नोंदी घाला.

प्रश्न : चार एकर आडसाली ऊस ठिबकवर आहे. शेतावर कमाल-किमान तापमापक लावून रोज नोंद ठेवतो. आर्द्रता, वारा यांची काही साधनं नाहीत. एवढ्यावरून उसाला किती पाणी द्यायचं हे काढता येईल का? (ऊस उत्पादक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : येईल, पण रोजच्या रोज काढू नका. पाच ते सात दिवसांची सरासरी घ्या. एखाद्या दिवशी वारा सुटला किंवा दुपारी ढग आले की एका दिवसाचा अंदाज सहज चुकतो. आठवड्याच्या सरासरीत या चुका बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात.

हारग्रीव्हज आणि समानी यांनी १९८५ मध्ये मांडलेलं सूत्र तुमच्या कामाचं आहे:

संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन (मिलिमीटर प्रतिदिन) = ०.००२३ × (सरासरी तापमान + १७.८) × √(कमाल − किमान) × वातावरणाबाहेरचं सूर्यविकिरण

संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन म्हणजे जमीन पूर्ण झाकणाऱ्या, पाण्याची टंचाई नसलेल्या, बुटक्या हिरव्या गवतातून दिवसभरात उडून जाणारं पाणी. त्यात मातीतून जाणारं आणि पानांतून जाणारं, दोन्ही आलं. सरासरी तापमान म्हणजे कमाल आणि किमान यांची बेरीज भागिले दोन, सेल्सिअसमध्ये. १७.८ कुठून आले, असं पुष्कळ जण विचारतात. शून्य अंश फॅरनहाइट म्हणजे उणे १७.८ अंश सेल्सिअस. मूळचं समीकरण फॅरनहाइटमध्ये होतं, त्याची ही खूण राहिली आहे.

सूत्राचा जीव वर्गमुळात आहे. आकाश निरभ्र असलं की दिवसा जमीन तापते आणि रात्री ती उष्णता मोकळ्या आकाशात निघून जाते, म्हणून कमाल आणि किमान यांतलं अंतर वाढतं. ढगाळ दिवशी दोन्ही टोकं जवळ येतात. म्हणजे ही दैनिक तापमान कक्षा ऊन मोजण्याच्या यंत्राची जागा घेते. हवा कोरडी की दमट, याचाही थोडा अंदाज तिच्यातून मिळतो.

शेवटची संख्या, म्हणजे वातावरणाच्या माथ्यावर पोचणारं ऊन, मोजावी लागत नाही. ती अक्षांश आणि तारीख यांवरून ठरते. १८ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास (सोलापूर, पंढरपूर, बारामती, धाराशिव) महिन्याच्या मध्याची मूल्यं, पाण्याच्या मिलिमीटरमध्ये (म्हणजे तेवढ्या उन्हाने दिवसाला किती मिलिमीटर पाणी उडू शकेल या मापात), अशी: जानेवारी ११.४, फेब्रुवारी १२.८, मार्च १४.४, एप्रिल १५.५, मे १५.९, जून १६.०, जुलै १५.९, ऑगस्ट १५.६, सप्टेंबर १४.७, ऑक्टोबर १३.३, नोव्हेंबर ११.७, डिसेंबर १०.९. नागपूर, जळगाव, अमरावती २१ अंशांजवळ आहेत. तिथे डिसेंबरात १०.२ आणि मेमध्ये १६.१ धरा. उन्हाळ्यात राज्यभर फारसा फरक नाही, हिवाळ्यात मात्र अक्षांश पाहायला हवा.

आता मे महिन्यातला एक आठवडा घेऊ. कमाल ४०, किमान २५. सरासरी ३२.५, त्यात १७.८ मिळवून ५०.३. अंतर १५, त्याचं वर्गमूळ ३.८७. ०.००२३ × ५०.३ × ३.८७ × १५.९ = ७.१ मिलिमीटर प्रतिदिन.

हे गवताचं झालं. उसासाठी पीक गुणांकाने गुणायचं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात उसाचा गुणांक सुरुवातीला ०.४०, जोमाच्या वाढीत १.२५ आणि पक्वतेच्या काळात ०.७५ आहे. आडसाली ऊस मेमध्ये रान पूर्ण झाकून जोमात असतो, म्हणून ७.१ × १.२५ = ८.९ मिलिमीटर. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर. तेव्हा एकरी रोज सुमारे ३६ हजार लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ४० हजार लिटर सोडावे लागतील.

लिटरपेक्षा तासांत काढलेलं जास्त उपयोगी पडतं. समजा दोन नळ्यांत दीड मीटर अंतर आहे, दर ४० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचा ड्रिपर आहे. एका ड्रिपरच्या वाट्याला १.५ × ०.४ = ०.६ चौरस मीटर रान येतं. ४ भागिले ०.६ म्हणजे तासाला ६.७ मिलिमीटर. गरज ८.९ भागिले ०.९, म्हणजे ९.९ मिलिमीटर. संच दीड तास चालवा. ड्रिपरचा प्रवाह डब्यावर छापलेला न धरता बादली लावून तपासा. गाळ बसलेला ड्रिपर ४ ऐवजी ३ लिटर देत असेल तर हेच पाणी द्यायला दोन तास लागतील. पाऊस झाला तर मुरलेला पाऊस गरजेतून वजा करा.

एक चूक इतकी सर्रास होते की आवर्जून सांगतो. बऱ्याच तक्त्यांत विकिरण मेगाज्यूलमध्ये दिलेलं असतं (मेमध्ये १८ अंशांवर ३९). ते सरळ सूत्रात घातलं की उत्तर १७ मिलिमीटरच्या वर जातं आणि बाग बुडते. मेगाज्यूलला आधी ०.४०८ ने गुणा, म्हणजे मिलिमीटर मिळतील.

प्रश्न : घराच्या ओसरीत भिंतीवर लावलेला तापमापक आणि मोबाइलवरचं तापमान यांत तीन-चार अंशांचा फरक येतो. गणितासाठी कोणतं घ्यावं? (वाचक, बीड)

उत्तर : ओसरीतलं घेऊ नका. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते सोडते. तिथे कमालही खरं मिळत नाही आणि किमानही. पत्र्याच्या शेडखाली तर कमाल हमखास फुगतं. वरच्याच उदाहरणात ४० ऐवजी ४३ वाचलं गेलं तर उत्तर ७.१ वरून ८.० वर जातं, म्हणजे पाण्यात १३ टक्क्यांची वाढ. चूक दोनदा मोजली जाते: सरासरीतही आणि अंतरातही.

तापमापक हवेचं तापमान सांगायला हवा, उन्हाचं नव्हे. हवामान खात्याच्या केंद्रांत तो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर असतो. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. घरी करायची तर चारही बाजूंनी वारा खेळेल अशा तिरक्या फळ्या आणि दुहेरी छप्पर ठेवा, मधली फट मोकळी राहू द्या, पांढरा रंग द्या आणि दार उत्तरेकडे करा, म्हणजे वाचताना ऊन आत येणार नाही. पेटी गवताळ, मोकळ्या जागी हवी. डांबरी रस्ता, खळं, विहिरीचं काँक्रीट यांपासून दूर. नुसती सावली पुरत नाही.

नोंदीची वेळही सांभाळा. सकाळी साडेआठला वाचता तेव्हा किमान त्या सकाळचं असतं, पण कमाल आदल्या दुपारचं असतं. ते आदल्या तारखेलाच लिहा आणि वाचून झालं की तापमापकातल्या कमाल-किमान दाखवणाऱ्या खुणा परत जागेवर आणा. खुणा परत आणायला विसरलं की कालचंच कमाल आजही दिसतं. मग एखाद्या ढगाळ दिवसाची नोंद कडक उन्हाची होते.

मोबाइलवरचा आकडा बहुधा तुमच्या गावात मोजलेला नसतो. संगणकी प्रारूप काही किलोमीटरच्या चौकटीसाठी तो काढतं. ओसरीपेक्षा तो बरा, पण डोंगराच्या पायथ्याला किंवा धरणाच्या काठाला फसवू शकतो. तुमच्या महसूल मंडळात राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र असेल तर त्याच्या नोंदी आधी पाहा.

प्रश्न : कृषी विद्यालयाच्या आवारात बाष्पीभवन पात्र (रोज किती पाणी उडतं हे मोजायचं उघडं पात्र) आहे. त्यातला आकडा सूत्राच्या उत्तराशी जुळत नाही. चुकतं कोण? (विद्यार्थी, परभणी)

उत्तर : कोणीच नाही. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पात्रातलं उघडं पाणी बाजूच्या पत्र्यातूनही तापतं, म्हणून ते गवतापेक्षा जास्त उडतं. पात्राच्या आकड्याला गुणांकाने कमी करावं लागतं: जाळी नसलेल्या 'अ' वर्ग पात्राला साधारण ०.७, आपल्याकडच्या जाळीच्या पात्राला साधारण ०.८. पक्षी-जनावरांपासून राखायला लावलेल्या जाळीमुळे बाष्पीभवन सुमारे १४ टक्के घटतं, म्हणून गुणांक वेगळा. आवार कोरडं, उघडं असेल तर गरम वारा थेट पात्रावर येतो आणि गुणांक आणखी खाली न्यावा लागतो. पाणी काठापासून ५ सेंटिमीटर खाली ठेवा, साडेसातच्या खाली जाऊ देऊ नका.

प्रश्न : भूगोलाच्या प्रकल्पासाठी थॉर्नथ्वेट पद्धतीने जलसंतुलन (पडणारं आणि उडून जाणारं पाणी यांचा हिशोब) काढत आहे. डिसेंबरचं संभाव्य बाष्पोत्सर्जन (पाणी कमी पडलं नाही तर महिन्यात किती उडेल ते) ६५ मिलिमीटर येतं. त्याच तापमानांवर हारग्रीव्हज सूत्र १२० च्या वर जातं. मेमध्ये मात्र थॉर्नथ्वेटचं उत्तर ३२४ आलं. माझं गणित चुकलं आहे का? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : डिसेंबरचं गणित बरोबर आहे, मेचं चुकलं आहे. दोन्ही नीट समजून घ्यावेत असे आहेत.

थॉर्नथ्वेट यांनी १९४८ मध्ये हवामानाच्या वर्गीकरणासाठी ही पद्धत मांडली. तिला फक्त महिन्याचं सरासरी तापमान लागतं. प्रत्येक महिन्याच्या तापमानाला पाचने भागून १.५१४ हा घात घ्यायचा, बाराही महिन्यांच्या उत्तरांची बेरीज करून वार्षिक उष्णता निर्देशांक काढायचा. मग महिन्याचं उत्तर १६ × (१० × तापमान ÷ निर्देशांक) च्या एका घातात येतं. तो घात निर्देशांकाच्या त्रिघाती समीकरणातून मिळतो. शेवटी दिवसाची लांबी भागिले १२ आणि महिन्याचे दिवस भागिले ३० यांनी दुरुस्ती.

सोलापूरसारख्या जागी जानेवारीपासून २३, २५.५, २९, ३२, ३२.५, २९, २७, २६.५, २६.५, २६, २४, २२.५ अशी तापमानं धरली तर निर्देशांक १५४.६ आणि घात ३.९१ येतो. डिसेंबरला दुरुस्तीनंतर ६५ मिलिमीटर, म्हणजे दिवसाला २.१.

मेमध्ये तुम्ही हेच घाताचं समीकरण ३२.५ अंशांना लावलं आहे. तिथेच चूक आहे. २६.५ अंशांच्या वर घात सोडून द्यायचा आणि हे वापरायचं: −४१५.८५ + ३२.२४ × तापमान − ०.४३ × तापमानाचा वर्ग. ३२.५ ला १७८ मिलिमीटर येतात, दिवसाची लांबी आणि ३१ दिवस धरून १९७. ३२४ आणि १९७ यांतला फरक पाहा. महाराष्ट्रात मार्च ते जुलै तापमान बहुतेक ठिकाणी या मर्यादेच्या वर असतं, त्यामुळे ही पायरी विसरली की उन्हाळ्याचं सगळं जलसंतुलन बिघडतं.

आता डिसेंबर. कमाल ३०, किमान १५ धरून हारग्रीव्हज सूत्र दिवसाला ३.९ मिलिमीटर देतं, थॉर्नथ्वेट २.१. आमचा कौल हारग्रीव्हजच्या बाजूने आहे. दख्खनच्या पठारावर डिसेंबरात आकाश स्वच्छ, हवा कोरडी आणि दुपार उबदार असते. पाणी उडवायला लागणारी ऊर्जा भरपूर आहे, फक्त गार रात्रींमुळे सरासरी तापमान खाली येतं. थॉर्नथ्वेटला रात्र गार की दिवस ढगाळ, यांतला भेद दिसत नाही, कारण त्याच्याकडे एकच सरासरी जाते. त्याची समीकरणं अमेरिकेच्या दमट भागांतल्या मोजमापांवर बसवलेली आहेत. तिथे ऊन आणि तापमान बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. आपल्याकडे पावसाळा मध्ये येतो आणि ते नातं तोडतो.

जुलै पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. कमाल ३१, किमान २३. हारग्रीव्हज ४.६ मिलिमीटर देतं, थॉर्नथ्वेट ५.१. म्हणजे थॉर्नथ्वेटनुसार ढगाळ, दमट जुलै हा स्वच्छ, कोरड्या डिसेंबरच्या जवळजवळ अडीचपट पाणी ओढतो. हारग्रीव्हजनुसार तो जेमतेम सव्वापटीच्या आत आहे. रब्बीच्या ज्वारीची पाण्याची ओढ जिने पाहिली आहे तिला कोणता आकडा पटेल, हे सांगायला नको.

काही पुस्तकांत ब्लेनी-क्रिडल पद्धतही मिळेल: दिवसाच्या तासांचा गुणांक × (०.४६ × सरासरी तापमान + ८). २० अंश अक्षांशाचे गुणांक घेऊन डिसेंबरला ४.६, मेला ६.७ आणि जुलैला ६.१ येतात. जुलैचा आकडा फुगला, कारण इथेही ढग मोजायला काहीच नाही.

प्रकल्पात थॉर्नथ्वेट वापरणं चूक नाही. जगभराच्या जुन्या नकाशांशी तुलना करायची तर तेच लागेल. फक्त मर्यादा लिहा, आणि त्याच आकड्यांवरून सिंचनाचा सल्ला देऊ नका.

प्रश्न : तापमान वाढत चाललं आहे, म्हणजे बाष्पीभवनही तेवढं वाढणार, असं धरून धरणाच्या पाण्याचं नियोजन करावं का? (सेवानिवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर : नुसत्या तापमानाच्या सूत्रावरून हा निष्कर्ष काढू नये. वरच्याच डिसेंबरात सरासरी तापमान एक अंशाने वाढवून पाहा. निर्देशांक तोच ठेवला तर थॉर्नथ्वेट १८ टक्क्यांहून जास्त वाढ दाखवतं. हारग्रीव्हजमध्ये कमाल-किमान दोन्ही एकेक अंश वाढवले तर वाढ अडीच टक्के. आणि कमाल तेच राहून फक्त रात्र एक अंशाने उबदार झाली तर हारग्रीव्हजचं उत्तर दोन टक्क्यांनी घटतं, कारण कक्षा आकुंचते. एकाच तापमानवाढीला तीन उत्तरं. हा फरक निसर्गातला नाही, सूत्रांच्या बांधणीतला आहे.

प्रत्यक्ष नोंदींनीही हा इशारा पूर्वीच दिला आहे. चट्टोपाध्याय आणि ह्यूम यांनी १९९७ मध्ये भारतातल्या १९६१ ते १९९२ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा तापमान वाढत असूनही पात्रांतलं बाष्पीभवन घटताना दिसलं. वाढलेली आर्द्रता हे त्याचं मुख्य कारण त्यांनी दिलं. दुष्काळाची तीव्रता मोजणाऱ्या पामर निर्देशांकात थॉर्नथ्वेट वापरल्याने जागतिक दुष्काळवाढ फुगून दिसते, हे शेफील्ड, वुड आणि रॉडरिक यांनी २०१२ मध्ये दाखवलं. नियोजनासाठी ऊन, वारा, आर्द्रता आणि तापमान हे चारही घेणारं पेनमन-माँटिथ समीकरण वापरा. अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये त्याचं प्रमाणित रूप दिलं आहे आणि तिची क्रॉपवॉट ही संगणक प्रणाली मोफत मिळते.

प्रश्न : आमची सुपारी-नारळाची बाग समुद्रापासून दोन किलोमीटरवर आहे. हारग्रीव्हज सूत्राने मेमध्ये साडेचारच्या खाली आकडा येतो. तेवढं पाणी दिलं तर झावळ्या मलूल दिसतात. (बागायतदार, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. कमाल ३३, किमान २७ असेल तर अंतर फक्त ६ आणि उत्तर ४.३ मिलिमीटर. पण तुमच्याकडे अंतर कमी आहे ते ढगांमुळे नाही, समुद्रामुळे. समुद्र दुपार तापू देत नाही आणि रात्र गार होऊ देत नाही. आकाश स्वच्छच असतं. सूत्र मात्र लहान कक्षा पाहून ढगाळ दिवस समजतं.

इलाज गुणांकात आहे. ०.००२३ ही संख्या ०.०१३५ आणि ०.१७ यांचा गुणाकार आहे. दुसरा आकडा तापमान कक्षेवरून ऊन काढण्याचा. किनाऱ्यालगत तो ०.१९ आणि देशावर, समुद्रापासून दूर, ०.१६ धरावा अशी शिफारस आहे. म्हणजे किनाऱ्यावर ०.००२६ घ्या. ४.३ चे ४.८ होतील. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना, जिथे समुद्रवारा दुपारीच पोचतो, मधला आकडा चालेल. पावसाळ्यात मात्र ही वाढ करू नका. हवा ओलाव्याने भरलेली असताना हे सूत्र उलट जास्तच दाखवतं.

वाऱ्याची गोष्ट वेगळी. सूत्रात वारा कुठेच नाही, आणि ताशी अकरा किलोमीटरच्या वर सरासरी वारा असला की उत्तर कमी पडतं. हा त्रास कोकणापेक्षा घाटमाथा आणि त्यापलीकडच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्याला जास्त. सातारा, सांगली, धुळ्याच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जून-जुलैत पाऊस दडी मारतो आणि वारा चालू राहतो, तेव्हा तिथली पिकं सूत्रापेक्षा जास्त पाणी ओढतात. जवळच्या केंद्रावर वाऱ्याची आणि आर्द्रतेची नोंद एक-दोन वर्षांची मिळाली तर महिनावार पेनमन-माँटिथ काढा आणि त्याला हारग्रीव्हजने भागा. समजा जुलैला ५.३ भागिले ४.६, म्हणजे १.१५. पुढच्या वर्षांत जुलैच्या उत्तराला तेवढ्याने गुणा. महिन्यागणिक वेगळा गुणक ठेवा. वर्षभराचा एकच ठेवला तर मेची चूक डिसेंबरात शिरते.

प्रश्न : ३० × ३० × ३ मीटरचं, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे. जानेवारी ते मे पाणी किती उडतं, आणि कागद फाटला आहे की नाही हे कसं ओळखायचं? (डाळिंब उत्पादक, सांगोला)

उत्तर : उथळ, उघड्या पाण्याचं बाष्पीभवन आपल्या हवेत संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनाच्या १.०५ पट धरतात. तुमच्या भागासाठी जानेवारी ४.२, फेब्रुवारी ५.२, मार्च ६.३, एप्रिल ७.०, मे ७.१ मिलिमीटर प्रतिदिन धरले तर पाच महिन्यांत ९०० मिलिमीटरच्या आसपास, आणि १.०५ ने गुणून सुमारे ९४ सेंटिमीटर. तीन मीटरमधला जवळजवळ एक मीटर नुसता हवेत जातो.

लिटरमध्ये काढताना ९०० चौरस मीटर शेवटपर्यंत धरू नका. बाजूंचा उतार १:१ असेल तर भरलेल्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी असतं. पातळी ९४ सेंटिमीटर उतरली की पृष्ठभाग ३० ऐवजी सुमारे २८ मीटरचा राहतो. या हिशोबाने उडालेलं पाणी ८ लाख लिटरच्या जवळ येतं. तुम्ही उपसत राहिलात तर पृष्ठभाग आणखी लवकर आकसतो आणि आकडा खाली येतो. म्हणून दोन तळी असतील तर एक आधी पूर्ण रिकामं करून दुसरं भरलेलं ठेवणं फायद्याचं, दोन्ही अर्धी ठेवू नका. मुळात खोल आणि कमी पसरट तळं पाणी टिकवतं.

गळती पाहायची तर पावसाची शक्यता नसलेले पाच दिवस निवडा आणि उपसा व भरणं दोन्ही बंद ठेवा. तळ्यात खुणा केलेली पट्टी उभी, काटकोनात रोवा. पट्टी कागदावर टेकणार असेल तर खाली रबराचा तुकडा किंवा वाळूची पिशवी ठेवा. पातळी पहाटे, वारा नसताना वाचा. उतारावरच्या कागदावर खूण करून मोजलं तर १:१ उतारावर १.४ पट जास्त घट दिसते आणि नसलेली गळती सापडते. पाच दिवसांची घट लिहा, त्याच पाच दिवसांच्या तापमानांवरून बाष्पीभवन काढा, १.०५ ने गुणा आणि वजा करा. एप्रिलात सूत्र ३७ मिलिमीटर सांगत असेल आणि पट्टी ४२ दाखवत असेल तर तो फरक सूत्राच्या अंदाजातला आहे, कागद शोधत बसू नका. पट्टी ६० दाखवत असेल तर गळती आहे. पातळी उतरत जाऊन एखाद्या उंचीला घट अचानक कमी झाली, तर फाटका भाग त्याच उंचीच्या जरासा वर शोधा. बहुधा तो पाइपच्या जोडाशी किंवा जनावरं पाण्याला उतरतात त्या कोपऱ्यात सापडतो.